बाबांच्या नावाचं खातं

पद्माकर गेले आणि त्यांचं कपड्यांचं कपाट लवकरच रिकामं झालं. पण गॅरेजमधल्या सर्व्हरला सुमेधाबाईंनी कोणाला हात लावू दिला नाही. कॅसल हिलच्या त्या घराची सगळी मेल पद्माकरांनी स्वतः बसवलेल्या त्या जुन्या लिनक्सच्या खोक्यावर यायची. आपली पत्रं परक्याच्या घरात कशाला ठेवायची, हा त्यांचा हेका. वर्षश्राद्ध होईपर्यंत त्यांचं खातं बंद करायचं नाही, हा आता आईचा.

"बंद नाही करत गं," चारुता म्हणाली. "एन्क्रिप्शन लावते. आत्ता पासवर्ड पोस्टकार्डासारखा उघडा जातो. बाबा वेस्टमीडला ॲडमिट असताना दिसेल त्या फुकट वाय-फायवरून मेल बघायचे."

"लाव. पण त्यांना वाचायला अडचण नको."

चारुतानं मान वर केली. सुमेधाबाई शांतपणे भेंडी चिरत होत्या.

"मी रोज लिहिते त्यांना. वेडी म्हण हवं तर. आणि त्यांच्या टॅबवर बघते. नवीन मेल ठळक अक्षरात असते ना? संध्याकाळपर्यंत ती साधी झालेली असते."

"तुझं बोट लागत असेल."

"मी कशाला उघडू? लग्न झाल्यापासून त्यांचं पाकीट मी कधी फोडलं नाही."

चारुता गॅरेजमध्ये गेली. तिनं सर्टिफिकेट तयार केलं, मेलच्या सेटिंगमध्ये त्याची जागा नोंदवली आणि आत येण्याचं नवं, सुरक्षित दार, म्हणजे पोर्ट, चालू केलं. जुनं उघडं पोर्ट बंद करण्याआधी, आणखी कोण ते वापरतंय हे पाहावं म्हणून तिनं आत येणाऱ्यांच्या नोंदींचा लॉग उघडला.

टॅबची नोंद होती, घरातल्याच इंटरनेट पत्त्याची. तिच्याखाली दुसरी होती, बाहेरच्या पत्त्याची. नाव पद्माकर, पासवर्ड बरोबर. काल होती. परवाही. मागे जावं तितकी होतीच.

वडिलांचं खातं उघडताना तिला चोरी केल्यासारखं वाटलं. आईच्या मेल एकाखाली एक होत्या. गुडघा दुखतो. बँकेचं पत्र आलं. शेजारचे सुट्टीवर गेलेत. सगळ्या वाचलेल्या. आज सकाळचीही.

'चारू उद्या पॉइंट कुकला परत जातेय. मग मी एकटीच. मागच्या दाराची किल्ली तुम्ही ठेवायचात तिथेच आहे, कढीपत्त्याच्या कुंडीखाली. तुमची सवय मोडवत नाही.'

तिनं पासवर्ड बदलला, जुनं पोर्ट बंद केलं, सेवा पुन्हा सुरू केली. लॉगवर थोडा वेळ काही हललं नाही. मग त्याच पत्त्यावरून कोणीतरी आत यायला बघितलं. नाकारलं. पुन्हा बघितलं, या वेळी नव्या पोर्टवर, जुन्या पासवर्डनं. नाकारलं. त्यानंतर काहीच नाही.

"झालं का गं?" आईनं स्वयंपाकघरातून विचारलं. "आता पोचेल ना त्यांना?"

चारुता मागच्या अंगणात गेली. दुपारचं स्वच्छ ऊन पडलं होतं. कुंडी जागेवरच होती. तिनं ती दोन्ही हातांनी तिरकी केली.

ओल्या मातीत किल्लीचा ठसा होता. किल्ली नव्हती.