आरशाचा रस

ठिपके उठवणारं एक जुनं छापयंत्र, ही माझी ओळख. सांगलीतल्या एका अंधशाळेच्या कोठीत, फाटक्या गाद्यांशेजारी मला ठेवलं आहे. मित्रांनो, अंगावर धूळ बसते त्याचं मला काही वाटत नाही. पण एकदा माझ्याकडून जी घाण छापून घेतली, तिची किळस अजून जात नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडचा. माझ्यात शाई नाही. माझ्या सुया जाड कागदावर ठिपके उठवतात आणि मुलं ते बोटांनी वाचतात. एका अक्षराला फार तर सहा ठिपके. पण तेव्हा संगणकाला ठिपके ठाऊकच नव्हते. म्हणून प्रत्येक ठिपके-अक्षराच्या जागी कळफलकावरचं एकेक चिन्ह नेमलेलं होतं. 'क'साठी k, 'घ'साठी <, 'आ' आणि कान्यासाठी >. पडद्यावर k>c असं आलं की कागदावर 'काच' उठायची.

१९९६ साली शाळेतल्या उमाताईंनी आठ महिने खपून दहावीचं शास्त्राचं पुस्तक या चिन्हांत उतरवलं. वडूजकडची प्रियदर्शनी त्या वर्षी दहावीला होती. तोवर कुणी वाचून दाखवेल तेवढंच शास्त्र तिच्या वाट्याला यायचं.

छपाईच्या वेळी उमाताई आजारी वडिलांपाशी कोरेगावला होत्या. संस्थेचे सेक्रेटरी शरच्चंद्रराव संगणकासमोर बसले आणि त्यांनी नाक मुरडलं.

"काय हा कचरा! अक्षरं कमी, खुणाच जास्त. पाहुण्यांना दाखवायचं कसं?"

त्यांनी झाडून सगळ्या खुणा पुसल्या. नुसती इंग्रजी अक्षरं उरली. "आता कसं स्वच्छ दिसतंय," असं म्हणून त्यांनी साठ प्रतींचा हुकूम सोडला. मला नाही म्हणता येत नाही. माझ्या सुया आपटत राहिल्या.

प्रकाशनाच्या दिवशी मलाही हार घालून मंचावर बसवलं. प्रियदर्शनीला एक पान वाचायला सांगितलं. तिनं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"परक... कचेच रस..."

टाळ्या पडल्या! प्रमुख पाहुणे "वा, वा" म्हणाले. त्या टाळ्यांनी मला शिसारी आली.

"सर, ह्ये मराठी न्हाई," प्रियदर्शनी म्हणाली. "प्रकाश... काचेचा आरसा, आसं आसंल. हितं आरशाचा रस झालाय."

शरच्चंद्रराव तिच्या कानाशी वाकले. "अगं, पाठ असेल ते म्हण. फोटो काढायचाय. यांना कुठं कळतंय?"

"मला कळतंय न्हवं," ती मोठ्यानं म्हणाली. "जे हाय त्येच वाचनार."

आणि तिनं अख्खं पान तसंच वाचलं, एकही अक्षर न गाळता. टाळ्या विरल्या. लोक खाली बघू लागले. शरच्चंद्रराव मात्र फोटोग्राफरला खुणावत होते.

उमाताई परतल्या. एका पानावरून बोट फिरवून त्यांनी ते पालथं घातलं. मूळ फ्लॉपी त्यांच्या पिशवीतच होती. त्यांनी नवा कागद मागितला.

"पुन्हा कशाला?" शरच्चंद्रराव म्हणाले. "ठिपके आहेत ना त्यावर? झालं तर मग."

तोच गठ्ठा त्यांनी वाई, कोरेगावच्या शाळांना पाठवून दिला. एवढी बेशरमी मी आजवर दुसरी पाहिली नाही.

उमाताईंनी मग घरोघरची जुनी कॅलेंडरं गोळा केली. शाळा सुटल्यावर एकेक पान माझ्यात सरकवून त्यांनी अख्खं पुस्तक नव्यानं काढलं. आधी एक प्रत, मग आणखी चार. प्रियदर्शनीनं मार्चची परीक्षा त्या पुस्तकावर दिली आणि शास्त्रात ती चांगल्या गुणांनी पास झाली.

पुढं १९९९ साली संगणकातल्या जगभरच्या अक्षरांच्या यादीत ठिपक्यांना स्वतःचं घर मिळालं. सहाच्या जागी आठ ठिपके धरून दोनशे छप्पन्न जुळण्या, प्रत्येकीला आपला क्रमांक. आता पडद्यावर ठिपका ठिपक्यासारखाच दिसू शकतो. तोवर माझ्या सुया झिजल्या होत्या.

मित्रांनो, जे आपल्याला वाचता येत नाही, त्याला कचरा म्हणू नका. पुसण्याआधी ज्याला ते वाचता येतं त्याला बोलवा, त्याचं बोट त्यावर टेकू द्या आणि तो काय म्हणतो ते ऐका.