लग्नांची वही

"कुठल्या सिनेमातलं?" मी विचारलं.

"गोपालदादाच्या हळदीतलं!" मोहिनी म्हणाली.

मी कपाळावर हात मारून घेतला. मधली सुट्टी संपायच्या आत पाचव्यांदा.

आमच्या शाळेत गॅदरिंगच्या आधी गाणी ओळखायची स्पर्धा असते. नववी अ विरुद्ध नववी ब, तिघी-तिघींचा संघ. करणसिंग सर गाण्याची मधलीच एक ओळ वाचतात, चाल न लावता, हजेरी घेतात तशी. आपण घंटी वाजवायची आणि सिनेमाचं नाव सांगायचं. बस. जिंकणाऱ्या संघाची कॅप्टन गॅदरिंगचं निवेदन करणार, म्हणजे दोन तास माईक तिच्या हातात. मागच्या वर्षी मला माईकवर स्वतःचं नावसुद्धा नीट सांगता आलं नव्हतं, "मयूरी" म्हणताना "री" घशातच राहिला. यंदा मला तो माईक हवाच होता. कॅप्टन म्हणून स्वतःचं नाव मीच दिलं, तेही हात वर करून!

आणि संघात मिळाल्या या दोघी.

मोहिनी विसरवाडीची, इथे मावशीकडे राहून शिकते. रिना तोरणमाळकडची, वसतिगृहात राहते. दोघींना हजार गाणी पाठ. कुठल्या कडव्यानंतर ढोलकी थांबते तेही पाठ. पण सिनेमा? सिनेमा कोणी बघितलाय! आमच्याकडे गाणं येतं ते लग्नात, डीजेच्या गाडीवर बसून. म्हणून गाण्याचा पत्ता म्हणजे लग्न.

"'मोटारसायकल बांधावर चढली, ओढणी तुझी चाकात अडली'," मी पुढची ओळ वाचली.

"अवं माय, हाई तर मन्हा मामाना लगनमा वाजेल शे! जनरेटर बंद पडलं होतं बघ तेव्हा."

"मोहिनी, सरांना जनरेटर सांगणार आहेस का?"

"मग काय! खरं तेच सांगेन."

शेवटी मीच डोकं चालवलं. एक वही केली. डावीकडे लग्न, उजवीकडे सिनेमा. 'मोहिनीच्या मामाचं लग्न, जनरेटर: सासू नंबर सात.' 'गोपालदादाची हळद: दोन तिकिटं शहादा.' चार दिवस दादाच्या मोबाईलवर शोधून शोधून माझे डोळे चुरचुरले. ठरलं असं की, या दोघींनी घंटी वाजवून माझ्या कानात लग्न सांगायचं, मी माईकवर सिनेमा सांगायचा. काय युक्ती होती! मी माझ्यावरच खूश होते.

मंगळवारी रिना म्हणाली, "आमच्याकडची लग्नं पण लिही ना."

"तुमच्याकडे ढोल वाजतो ना गं? तिथे सिनेमाची गाणी कुठून येणार?"

"डीजे घाट चढून येतो," ती म्हणाली. पण तोवर मी म्हसावदच्या लग्नांचं पान उघडलं होतं.

स्पर्धेच्या दिवशी वहीने कमाल केली. सरांनी ओळ वाचायची, मोहिनीने घंटी बडवायची, माझ्या कानात "नवरदेव घोड्यावरून पडला ते" असं फुसफुसायचं, आणि मी ताठ उभी राहून सिनेमाचं नाव ठोकून द्यायचं. नववी ब ची हेमांगी, जिच्या घरी मोठा टीव्ही आहे आणि जी ते रोज सांगते, ती नुसती ओठ चावत होती. सहा-सहा. शेवटची ओळ उरली.

सरांनी चष्मा वर सरकवला. "'बाजाराच्या दिवशी ये, चपलेचा नवा जोड घे.'"

सर वाचून थांबायच्या आत रिनाने घंटी वाजवली. मी कान पुढे केला.

"धाकट्या मामाचं लग्न," रिना म्हणाली. डोळे चमकत होते तिचे. "ट्रॅक्टरवर स्पीकर होते. आजी नाचली होती."

मी मनातल्या मनात सगळी पानं उलटली. शहादा, म्हसावद, विसरवाडी. ट्रॅक्टर कुठेच नाही.

"सिनेमा कुठला?"

"तुझ्या वहीत असेल ना."

"नाहीये गं!"

"दहा सेकंद," सर म्हणाले.

मग रिनाने काय करावं? माझ्या हातातला माईक घेतला आणि पुढचं अख्खं कडवं गायलं! चालीसकट, मधल्या शिट्टीसकट. मागच्या बाकांवर वसतिगृहाच्या मुली उठून नाचायलाच लागल्या. माझा जीव चाललेला आणि इकडे वरात निघालेली!

"छान गायलीस. सिनेमाचं नाव?" सरांनी विचारलं.

"नाव नाही माहीत, सर."

"नववी ब?"

"'उतार'," हेमांगी म्हणाली. अगदी हळू, जणू काही विशेषच नाही.

मला रिनाचा इतका राग आला, इतका राग आला की मी तिच्याकडे वळून तोंड उघडलं. आणि तिथेच अडकले. घंटी तिने सगळ्यांच्या आधी वाजवली होती. गाणं तिला येत होतं. मंगळवारी लिही म्हणून तीच सांगत होती. कोरं राहिलेलं पान माझं होतं.

टाळ्या संपल्या. स्टेजवर हेमांगी "हॅलो, हॅलो, चेक" करत होती. एकदा केलं की पुरे ना? पण नाही, "हॅलो, हॅलो" चालूच. मी पायरीवर बसून वही उघडली.

"रिना, सांग. धाकट्या मामाचं लग्न. अजून कोणाकोणाचं?"

"आता कशाला? हरलो ना."

"दहावीलाही गॅदरिंग असतं."

ती लगेच बसली नाही. वेणीचं टोक दातात धरून उभी राहिली. मोहिनीने तिला ओढून खाली बसवलं. "बस वं, भाव नको खाऊ!"

"मामा पाच आहेत," रिना म्हणाली. "मावश्या सात."

वहीत पानं उरली होती तीन. देवा!

"बारीक अक्षरात लिहिते. बोल."

"आधी वर मोठ्या अक्षरात लिही," ती म्हणाली, "डीजे घाट चढून येतो."

मी लिहिलं. तिने वाकून वाचलं आणि मग पहिल्या मामापासून सुरुवात केली.