हळदीच्या गाण्यातले दोन रिकामे ठोके

रुचिकाच्या हळदीच्या गाण्यात तेवीस नावं घालायची होती: एकवीस माणसांची, एक गावदेवीचं आणि एक बैलाचं. बैलाचं नाव पिस्टन. रुचिकाच्या सख्ख्या काकाचं नाव त्यात नव्हतं.

किर्तीने नावं पुन्हा मोजली. ती अंबरनाथला एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला होती आणि रविवारी उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये, जितेशच्या स्टुडिओसाठी ऑर्डरची गाणी लिहायची. घरच्यांनी नावं द्यायची, जितेशने चाल द्यायची, किर्तीने यमकं जुळवायची. ज्याचं नाव गाण्यात येतं त्याने उठून नाचायचं आणि ज्याचं येत नाही त्याने ते जन्मभर लक्षात ठेवायचं, असा त्या भागातला रिवाज.

"काका राहिला बघ," किर्ती म्हणाली.

"राहिला नाय, काढलाय," रुचिका म्हणाली. कॉलेजात दोघी एकाच टेबलावर प्रयोग करायच्या, त्यामुळे रुचिकाला किर्तीशी बोलताना प्रस्तावना लागत नसे. "पप्पांनी."

तीन वर्षांपूर्वीच्या बैलांच्या शर्यतीत हे सखाकाका पंच होते. पिस्टन झेंडी पडायच्या आधी सुटला, असं त्यांनी सांगितलं आणि बैल बाद झाला. बैल बाळाजींचा, म्हणजे रुचिकाच्या वडिलांचा, आणि पंच त्यांचा थोरला भाऊ. चामटोली गावात दोघांची घरं समोरासमोर, मधे एकच अंगण. तेव्हापासून अंगण झाडलं जायचं, पण ते ओलांडून कोणी बोलायचं नाही.

अडचण अशी होती की त्यांच्या घरात नवरीला पहिली हळद थोरला काका लावतो. सखाकाका म्हणत होते, मांडवातून माझ्या नावाची हाक आली तर येईन. बाळाजी म्हणत होते, त्याचं नाव गाण्यात वाजलं तर स्पीकरची वायर कापीन.

"आणि तू काय म्हणतेस?"

"मी म्हणते, पहिली हळद काकाच्या हातची. नायतर मी तशीच बसेन, कोरी."

"लग्नात?"

"नवऱ्याला विचारलंय. तो म्हणाला, चालेल, साबण वाचेल."

किर्तीला यमकांचा अभ्यास होता, म्हणजे तिने तो स्वतःच करून घेतला होता. दीड वर्षात लिहिलेली गाणी ती हळदीत जाऊन ऐकायची आणि कुठे माणसं काय करतात ते बघायची. पक्क्या यमकावर पाय पडतात. 'दारात घातला मांडव हिरवा, बाळाजीभाऊंची लेक ही मिरवा' म्हटलं की लोक उड्या मारतात, कारण हिशोब पुरा झालेला असतो, मागे काही उरत नाही. आईच्या कडव्यात मात्र ती यमक मुद्दाम कच्चं ठेवायची. 'वृंदाआई दळते हळद जात्यावर घरी, बोटांचा पिवळा रंग सुटत नाही अजुनी.' नुसती शेवटची ई जुळते. कानाला काहीतरी कमी पडतं आणि बायका पदर डोळ्याला लावतात. पक्कं यमक घालून तिने एकदा तेच कडवं दुसऱ्या लग्नात दिलं होतं, तर आईसुद्धा नाचली होती.

काकासाठी मात्र पक्कंही चालणार नव्हतं आणि कच्चंही. दोन्हींत नाव घ्यावं लागतं. तिने तिसरं काहीतरी लिहिलं.

रविवारी गाणं रेकॉर्ड झालं. जितेशने हेडफोन काढून तिच्याकडे बघितलं.

"मॅडम, ये क्या है? इथे शब्दच नाय."

"नाहीये."

"'शाळेत सोडायला कोण बापासारखा. तोच कसा झाला लेकीला पारखा. पहिली हळद लावायला येऊ दे…' आगे?"

"पुढे दोन ठोके काहीच नाही. ढोलकी बंद, बेंजो बंद."

"अरे, पब्लिक समजेल पेन ड्राइव्ह गेला! मी एक फटाका टाकतो. नाय तर बाई हसल्याचा आवाज, माझ्याकडे तयार आहे."

"काही टाकायचं नाही. अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी नसली तर पाय काय करतो?"

"गिरता है."

"त्याच्या आधी?"

जितेशने विचार केला. "शोधतो," तो म्हणाला आणि हेडफोन पुन्हा कानाला लावले. "पण कंप्लेंट आली तर तुझा नंबर देईन."

गाणं मंजुरीला बाळाजींकडे गेलं. त्यांनी ते गोठ्यात मोबाईलवर ऐकलं आणि बोटांवर नावं मोजली. सगळेच तसं करतात. यमक कोणी मोजत नाही. मग त्यांचा किर्तीला फोन आला.

"तेवीस भरली. त्याचं नाय ना कुठं?"

"नाही काका. हवं तर परत ऐका."

"दोनदा ऐकलं. ब्येस हाय. पिस्टनचं नाव दोनदा घेता येईल का?"

हळदीच्या दिवशी संध्याकाळी मांडवात रुचिका पाटावर बसली होती. हळदीची वाटी समोर, गाल कोरे. समोर आपल्या ओटीवर सखाकाका खुर्ची मांडवाकडे पाठ करून बसले होते. पाठ करायला घरातून बाहेर यावंच लागलं होतं, हे किर्तीने पाहिलं. जितेशला कळवायचं म्हणून तिने मोबाईलवर आवाज मोजायचं ॲप सुरू केलं.

गाणं लागलं. पिस्टनच्या नावावर सर्वांत जास्त माणसं नाचली. मग ते कडवं आलं. बापासारखा. पारखा. येऊ दे… आणि सगळं बंद. त्या दोन ठोक्यांत चार-पाच बायकांच्या तोंडून "सखा" निघून गेलं. निघाल्यावर त्यांनी बाळाजींकडे बघितलं.

बाळाजी डीजेवाल्याकडे गेले. "नाव हाय ह्याच्यात?"

"नाय दादा. जागा खाली ठेवलीय."

वायर कापायला कारण सापडेना. गाणं परत लागलं, आणि दुसऱ्या वेळेला अख्खा मांडव त्या जागेची वाटच बघत होता. "सखाऽऽ!" पोरांनी शिट्ट्या घातल्या. समोरच्या ओटीवरची खुर्ची थोडी वळली. माणूस उठला नाही.

"ही मांडवाची हाक," सखाकाका खुर्चीला सांगितल्यासारखं बोलले. "भावाची नाय."

बाळाजींनी हात वर केला. "आता जो कोन तिथं तोंड उघडंल त्यानं जेवायला थांबायचं नाय. मटण मोजून केलंय."

हा धाक खरा होता. गाणं तिसऱ्यांदा लागलं तेव्हा कोणी नाचलंसुद्धा नाही. बाळाजी रुचिकाच्या पाटाजवळ उभे होते. रुचिका वाटीकडे बघत होती. वडिलांनी सकाळपासून स्पीकर तपासताना हे गाणं किती वेळा ऐकलं होतं कोण जाणे. त्यांची मान ठेक्यावर हलत होती. बापासारखा. पारखा. पहिली हळद लावायला येऊ दे…

मांडव गप्प होता.

"सखा," बाळाजी म्हणाले.

डीजेवाल्याने आवाज बारीक केला. ओटीवरची खुर्ची पूर्ण वळली.

"काय म्हनलास?"

"ऐकलंस ते."

"नीट नाय आलं. मोठा लावलाय तुमचा स्पीकर."

"ये म्हनतोय. पोर कवापासून बसलीय."

सखाकाकांनी खुर्ची आधी घरात नेऊन ठेवली, मग अंगण ओलांडून आले. वाटीत बोटं बुडवून त्यांनी रुचिकाचे दोन्ही गाल, कपाळ आणि चुकून एक कान माखला. रुचिका रडत होती, त्यामुळे हळद थोडी ओघळली.

"बैल आधीच सुटला होता," ते तिच्याशीच बोलावं तसं म्हणाले.

"तू हळद लाव," बाळाजी म्हणाले.

वृंदाआई हातातलं ताट खाली ठेवून नवऱ्याकडे वळल्या. "तोंड कोणी उघडलं, सगळ्यांनी पाहिलंय. आता तुम्ही जेवायला थांबायचं नाय."

किर्तीने मोबाईलवरचे आकडे जितेशला पाठवले. रिकाम्या जागेतला आवाज, पहिल्या वेळी चौऱ्याहत्तर डेसिबल. दुसऱ्या वेळी त्र्याण्णव. तिसऱ्या वेळी अडुसष्ट, माणसं एक.