गुरुदास आणि मंडळी

कणकवलीला जायचं म्हणून रुक्मिणीने त्या दिवशी गडद लाल साडी काढली. मे महिना, रातांब्यांचे, कोकमाच्या फळांचे दिवस. हातांचा लाल रंग साबणाने काही केल्या निघेना, तेव्हा साडीच त्या रंगाची नेसलेली बरी, असा तिने विचार केला. बाहेर गुरुदास टेम्पोत बसून हॉर्न वाजवत होता. कोणाचं लग्न आहे का, असं त्याने विचारल्यावर ती म्हणाली, लग्नाला माणूस सतरांदा जातं, पहिलं रिटर्न एकदाच भरतं.

त्यांची एकुलती एक मुलगी संचिता पुण्याहून सुटीला आली होती. तिथल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात ती काम करायची. आईबाबांच्या मधोमध दाटीने बसून, मांडीवर आगळाची, कोकमाच्या खारवलेल्या रसाची, बाटली सांभाळत तीही निघाली. बाटली प्रीतमसाठी होती. प्रीतम त्यांचा सीए. रिकाम्या हाताने जाणं रुक्मिणीला कधी जमलं नाही.

मिठबावला रस्त्याकडेला त्यांचं दुकान होतं आणि मागच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, रातांब्यांची सोलं वाळत. आगळ रुक्मिणी करी. देवगडपासून वैभववाडीपर्यंत ते पोचवायला गुरुदास फिरे. दुकानावरची पाटी त्याने स्वतः रंगवलेली : ‘गुरुदास आणि मंडळी’. जुन्या पेढ्यांच्या नावात ‘मंडळी’ म्हणजे कंपनी. पण गावात नवरा बायकोलाही ‘आमची मंडळी’च म्हणतो. गुरुदासाने दोन्ही अर्थ धरूनच ब्रश उचलला होता. तुमच्या कंपनीत कोण कोण, असं गिऱ्हाइकाने विचारलं की तो आत बोट दाखवायचा. आत मंडळी रातांब्यांना मीठ लावत असायची.

कागदावर मात्र धंदा त्याच्या एकट्याचा, आणि रुक्मिणी गृहिणी. अखेर गेल्या वर्षी एप्रिलात प्रीतमने दोघांच्या भागीदारीचा करार करून दिला. तेव्हापासून रुक्मिणीला या रिटर्नची ओढ लागली होती. शेजारणींना तर तिने तारखेसकट सांगून ठेवलं होतं.

कणकवलीच्या ऑफिसात प्रीतमने तिला खुर्ची दिली आणि सगळं समजावून सांगितलं. फर्मचं एक रिटर्न, काकांचं एक, काकींचं एक. काकींना फर्मकडून मेहनताना मिळतो, तोही त्यांच्या रिटर्नमध्ये दाखवायचा. आज नुसते कागद घेतो, साइटवर फॉर्म आले की भरू.

“म्हणजे घरात माणसां दोन आणि रिटर्नां तीन?” रुक्मिणी म्हणाली. “पोर पुण्याक गेल्यापासून घर रिकामां वाटा. आता भरला.”

प्रीतम हसला, मग जरा थांबला. एक गोष्ट ध्यानात ठेवा, म्हणाला. दोनच भागीदार असले आणि त्यातला एक नसला, की फर्म तिथेच संपते. तिसरं नाव घालून ठेवलेलं बरं.

“खरांच. एकट्याची खंय मंडळी होता?” असं म्हणत रुक्मिणी मुलीकडे वळली. “काय गो, तुका मंडळीत धरू?”

संचिता हसली. घराबाहेर ती प्रमाण मराठीत बोले. तशीच म्हणाली, “बघू या, आई.” पुण्याची नोकरी, भाड्याची खोली, पुस्तकं, सगळं त्या क्षणी डोळ्यांपुढून गेलं. रुक्मिणीने पुन्हा विचारलं नाही. परतीच्या वाटेवर तिघांनी उसाचा रस प्यायला, आणि पुढच्या वर्षी आपण प्रीतमला चार रिटर्नं भरायला लावू, एवढं ती गुरुदासाला डोळा घालून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खळ्यात सोलं परतता परतता ती खाली बसली. दमली असेल असं गुरुदासाला वाटलं. ती उठली नाही.

पुढचे दिवस संचिताला नीटसे आठवत नाहीत. दुःखावर तिने पुष्कळ वाचलं होतं. त्यातलं एक वाक्यही मदतीला आलं नाही. तिला पहिल्यांदा जागं केलं ते प्रीतमच्या फोनने. तो चाचरत म्हणाला की फर्मचं आणि काकांचं रिटर्न भरावंच लागेल. काकींचं उत्पन्न मात्र मर्यादेच्या आत आहे. गेलेल्या माणसाचं रिटर्न वारसाला भरावं लागतं, बरीच खटपट असते. सोडून दिलं तरी कायद्याने काही बिघडत नाही.

“तिचं आधी भर,” संचिता म्हणाली.

मग तिने रजा वाढवली आणि कामाला लागली. ग्रामपंचायत, तहसील, मृत्यूचा दाखला, वारसाचा दाखला. रोज संध्याकाळी ती बाबांना आज किती पुढे सरकलं ते सांगायची, आणि जेवायला न उठणारा गुरुदास तेवढं ऐकायला उठून बसायचा. टॅक्सच्या साइटवर तिची वारस म्हणून नोंदणी मंजूर झाल्याचा मेसेज आला तेव्हा ती शिरोड्याला मावशीकडे होती. चहा अर्धा टाकून तिने एसटी पकडली. परीक्षेचा निकाल बघायला निघाल्यासारखं वाटत होतं, आणि एवढ्या दिवसांनी आपल्याला आनंद होतोय हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिने लाज वाटून घेतली नाही.

प्रीतमच्या ऑफिसात तिघे एका स्क्रीनभोवती जमले. गुरुदासाने इस्त्रीचा सदरा घातला होता. संचिताने आगळाची बाटली आणली होती. आईच्या हातची, शेवटच्या खेपेतली. आधी फर्मचं गेलं, मग गुरुदासाचं. तिसऱ्याला साइट अडकली. गोल चक्र फिरत राहिलं आणि गुरुदास पुटपुटला, “नटता हा. हिका वेळ लागताच.” प्रीतमला हसू आवरेना. संचिताही हसली, आणि तेवढ्यात तिच्या मोबाइलवर ओटीपी आला. तिने तो वाचून दाखवला. हिरवी खूण उमटली. नाव रुक्मिणी, मिळकत धंद्यातली, रिटर्न दाखल.

“झालां,” गुरुदास म्हणाला. “भरल्यान बाई.” त्याने स्क्रीनला हात जोडले की काय, कळलं नाही, डोळे पुसत होता.

मग प्रीतमने हळूच पुढचं काढलं. काकी गेल्या त्या दिवशी फर्म संपली. आता धंदा काकांच्या एकट्याच्या नावाने करू. गुरुदासाने मान हलवली. पाटीवरची मंडळी उद्याच पुसून टाकतो, म्हणाला. उगाच लोकांनी विचारायला नको.

“किंवा नवा करार,” प्रीतम म्हणाला. “पण त्याला दुसरं माणूस हवं.”

संचिता आई बसली होती त्या खुर्चीकडे बघत होती. बाबांकडे किंवा प्रीतमकडे वळून बोलायला हवं होतं, पण प्रश्न त्यांनी विचारलेला नव्हता.

“आये,” ती म्हणाली, “माका धर.”