उजवा कोपरा

"मामी, कोपरा गोल केला! आता बोल काय बोलायचं ते!"

भाचीचा आवाज जिन्यातून वर आला. दर रविवारी ती अशीच यायची, आवाज आधी आणि माणूस नंतर. मी दार उघडून उभा राहिलो. तिच्या हातात पुठ्ठ्याचा छोटा खोका होता आणि भराभर चढून आल्यामुळे तिला धाप लागली होती.

"हळू बोल," मी म्हणालो.

"झोपलीय?"

"नाही."

ती शेवटच्या पायरीवरच थांबली. माझ्या खांद्यावरून तिनं आत पाहिलं. पलंगाजवळची खिडकी सताड उघडी होती. एरवी ती बंद असायची, कारण माझ्या बायकोला वारा सोसायचा नाही.

"मामा," भाची म्हणाली, आणि चपला न काढताच आत आली.

बायको पहाटे गेली होती. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर येऊन बघून गेले होते. मी अजून कुणालाच फोन केला नव्हता. फोन हातात घेतला की पहिलं वाक्य काय बोलायचं तेच सुचत नव्हतं. त्यामुळे बातमी पहिल्यांदा भाचीला कळली, आणि तिलाही मी ती धड सांगितली नाही.

तिनं खोका टेबलावर ठेवला आणि मामीजवळ जाऊन बसली. मामीचा उजवा हात तिनं आपल्या हातात घेतला. तळहातावर, अंगठ्याच्या मुळाशी, एक लालसर खूण होती.

"हे काय लागलं हिला?"

मला माहीत होतं. मी म्हणालो, "असेल काहीतरी."

त्या खोक्यात काय होतं ते आता सांगतो. भाची माझ्या बहिणीची मुलगी. शाळेच्या सगळ्या सुट्ट्या तिनं आमच्या घरी काढल्या. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे सुट्टी संपून ती गेली की घर आठवडाभर गप्प असायचं. मोठी होऊन तिनं चार मित्रांबरोबर एक छोटी कंपनी काढली. ते हातात धरून खेळायचं एक यंत्र बनवत होते. वर छोटा पडदा, दोन्ही बाजूंना खेळाची बटणं, आणि खाली आपल्या अक्षरांचा अख्खा कीबोर्ड. खेळात नुसतं पळायचं आणि उड्या मारायच्या नाहीत, काय करायचं ते लिहूनही सांगायचं, अशी तिची कल्पना होती.

पहिलं सँपल ती कौतुकानं दाखवायला घेऊन आली. माझी बायको एका मालगोदामाच्या ऑफिसात टायपिस्ट होती. नोकरी संपेपर्यंत रोज दहा बोटांनी टायपिंग, तेही मान वर ठेवून, साहेबाशी बोलत. तिनं ते यंत्र हातात घेतलं, दोन ओळी लिहिल्या आणि विचारलं, "कुणी बनवलं हे? त्याला अंगठे आहेत का?"

"मामी!"

"मग काय तर! दोन अंगठे राबतायत आणि आठ बोटं बसून खातायत. अगदी आमच्या ऑफिसासारखं. आणि हे जोडाक्षराचं बटण बघ कुठं ठेवलंय. दर शब्दाला अंगठा गावाला जाऊन येतो."

भाचीला वाईट वाटेल असं मला वाटलं. पण तिनं पिशवीतून पेन काढलं. "थांब, थांब. परत सांग. मला असाच फीडबॅक हवाय."

"म्हणजे काय हवंय?"

"म्हणजे काय आवडलं आणि काय नाही."

"आवडलेलं तुझी आई सांगेल. मी तक्रारी सांगते."

त्या दिवसापासून ते यंत्र आमच्याकडेच राहिलं. दर रविवारी भाची यायची आणि मामी तक्रारी सांगायची. खेळ एका दीपगृहाचा होता. वादळात एक माणूस तिथं येतो, आणि खेळणाऱ्यानं लिहून लिहून त्याला वरच्या दिव्यापर्यंत न्यायचं. पहिल्याच दाराशी पहारेकरी होता. बायकोनं लिहिलं, "कृपया दार उघडावे." पहारेकऱ्याचं उत्तर आलं, "समजलं नाही."

"नुसतं 'दार उघड' लिही," भाची म्हणाली.

"ओळख ना देख, एकदम अरे-तुरे? आणि हा बघ कसा बोलतो, समजलं नाही म्हणे. समजलं नाही तर 'काय म्हणालात?' असं विचारावं की."

दुसरं सँपल आलं तेव्हा जोडाक्षराचं बटण अंगठ्याखाली आलेलं होतं. यंत्राच्या पाठीला आठ बोटं टेकायला खाच होती. आणि पहारेकऱ्याला काही कळलं नाही की तो विचारायचा, "काय म्हणालात?" बायको खुर्चीत बसून इतकी हसली की मला तिला धरावं लागलं.

धरावं लागलं ते नुसत्या हसण्यामुळे नाही. तिच्या कमरेचं दुखणं हाडात पसरलंय, हे डॉक्टरांनी दुसऱ्या सँपलच्या आधीच आम्हाला सांगितलं होतं. तिला बसवत नव्हतं. डाव्या कुशीवर होता येत नव्हतं. आठवडाभर ती उजव्या कुशीवर पडून असायची. रविवारी सकाळी मी तिचे केस विंचरायचो, तिला उठवायचो, दोन्ही बाजूंनी उशा लावून खुर्चीत बसवायचो. भाची येऊन गेली की परत पलंगावर. मामीची कंबर धरलीय, एवढंच भाचीला माहीत होतं.

"तिला सांगू या," मी एकदा म्हणालो.

"अजिबात नाही. माझ्या गळ्याची शपथ आहे तुम्हाला."

"उद्या कळणारच आहे."

"कळेल तेव्हा कळेल. आत्ता कळलं तर ती येऊन मला औषध घेतलंस का विचारेल. बटणांचं कोण विचारणार? आणि मी काहीही बोलले तरी हो मामी, हो मामी करेल. अहो, किती वर्षांनी मला कुणीतरी कामाचं विचारतंय."

मी तिच्या उशा सारख्या केल्या.

उजव्या कोपऱ्याची तक्रार तेव्हाचीच. कुशीवर पडून ती यंत्र तोंडासमोर धरायची. त्याचं सगळं वजन खालच्या हातावर, म्हणजे उजव्या तळहातावर यायचं, आणि खालचा टोकदार कोपरा अंगठ्याच्या मुळाशी रुतायचा. मी बस डेपोत सीटा शिवायचो. रुतणारी वस्तू दिसली की माझे हात शिवशिवतात. ती झोपलेली बघून मी स्पंजचा एक तुकडा कापला, वर रेक्झिन लावलं आणि त्या कोपऱ्यावर बेताचा चिकटवला. काम सुबक झालं होतं.

जागी झाल्यावर ती माझ्यावर उखडली. "हे काय केलंत? काढा आधी!"

"अगं, हाताला बघ किती लागलंय."

"लागू दे. टोचलंच नाही तर टोचतंय हे मला कळणार कसं? आणि विकत घेणाऱ्या प्रत्येकाच्या घरी तुम्ही जाणार आहात का स्पंज घेऊन?"

मी तो काढला. गोंदाचा डाग राहिला, तोही तिनं मला घासून काढायला लावला. रविवारी खुर्चीत ताठ बसून तिनं भाचीला सांगितलं, "खालचा उजवा कोपरा टोचतो." भाचीनं यंत्र बसल्या बसल्या धरून पाहिलं. तिला काही टोचलं नाही. पण मामी म्हणतेय म्हणून ती म्हणाली, "गोल करून आणते."

तेच ते तिसरं सँपल. बायकोनं ते पाहिलं नाही.

ती गेली त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ती बरी होती. माझ्याशी थट्टा करत होती. म्हणाली, "आणखी एक तक्रार सापडलीय. मोठी आहे."

"कोणती?"

"तुम्हाला नाही सांगणार. तुम्ही लगेच स्पंज चिकटवाल. उद्या तिलाच सांगते."

पुढचे काही आठवडे लोक येत-जात राहिले. मग येणंही थांबलं. एका दुपारी भाचीचा फोन आला. ती आधी जेवलास का, झोप लागते का, असं विचारत राहिली. मग म्हणाली, "मामा, एक कामाचं होतं. आता साचा पक्का करायचाय. एकदा साचा झाला की बदलता येत नाही. कोपरा गोल ठेवायचा तर आतली बॅटरी सरकवावी लागते, सगळी जुळणी बदलते. बाकीचे म्हणतात, इतक्या जणांनी वापरलं, कुणालाच टोचला नाही. फक्त तुझ्या मामीला टोचला."

"मग?"

"म्हणतात, वयस्कर बाई होत्या, त्यांच्या हाताचं काहीतरी असेल. तोडून नाही बोलले, मामा. चांगली आहेत मुलं. पण माझ्याकडं त्यांना द्यायला उत्तर नाही. तिला का टोचायचा, तुला माहितीय का?"

मी म्हणालो, "बघतो," आणि फोन ठेवला. त्यात बघण्यासारखं काय होतं? पलंगाकडं तोंड करून बसून राहिलो. शपथ तिनं घातली होती. ती असती तर मी ती मोडली नसती. पण ती असती तर तिनं त्या मुलांना फोनवरच धारेवर धरलं असतं. ती नव्हती, आणि तिनं शेवटची सांगितलेली तक्रार हाताच्या दुखण्यात जमा होत होती. हे काही मला बघवेना.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या ऑफिसात गेलो. एक मोठी खोली, एक लांब टेबल, भिंतीशी एक सोफा. सोफ्याचं रेक्झिन कडेला उसवलं होतं. कामाचं बोलायला आलोय म्हणून त्यावर काही बोललो नाही.

यंत्राच्या बाहेरच्या खोळीचं काम बघणारा एक उंच, दाढीवाला मुलगा होता. त्यानं मला टोकदार कोपऱ्याचं जुनं सँपल दिलं. "काका, बसा ना. कुठं टोचतं ते दाखवा."

मी बूट काढले आणि सोफ्यावर उजव्या कुशीला आडवा झालो.

"अहो काका, बसून दाखवलंत तरी चालेल."

"बसून ती वापरतच नव्हती," मी म्हणालो. "ती हे असं वापरायची. हा हात खाली. वजन सगळं इथं. आणि हा कोपरा इथं रुततो. बघ, ये इकडं, बोट घालून बघ."

कुणी हललं नाही. भाची टेबलाच्या पलीकडं उभी होती.

"खुर्चीत बसायची की ती," ती म्हणाली. "मी यायचे तेव्हा दर वेळी खुर्चीत असायची."

"तू यायच्या आधी मी तिला बसवायचो."

भाची वळून बाहेर जिन्यात गेली. मी बूट न घालताच तिच्यामागं गेलो. ती पायरीवर बसली होती. मीही शेजारी बसलो.

"मला का नाही सांगितलंस?"

"तिनं शपथ घातली होती. म्हणाली, कळलं तर ती नुसतं हो मामी, हो मामी करेल."

भाचीनं नाक पुसलं. ती एकदम हसली आणि मग तिला रडू आलं. "केलंच असतं मी, मामा. नुसतं हो मामीच केलं असतं."

"तिला माहीत होतं."

आम्ही आत गेलो तर दाढीवाला खाली जमिनीवर कुशीला आडवा पडून सँपल खेळत होता. लांब पाय टेबलाखाली गेले होते. आम्हाला बघून तो उठला नाही.

"टोचतो की राव," तो दुसऱ्या मुलाला म्हणाला. "घरी मी असाच तर लोळून खेळतो. खुर्चीत ताठ बसून कोण खेळतं? आपण सगळे टेबलाशी बसून चाचण्या घेत बसलो."

"बॅटरीचं काय मग?" दुसऱ्यानं विचारलं.

"सरकवायची. ए, जरा सरक, तूही आडवा होऊन बघ."

निघताना मला राहवलं नाही. सोफ्याची शिवण मी सुई-दोरा आणून घालून देईन म्हणालो.

भाची मला खालपर्यंत सोडायला आली. गोल कोपऱ्याचं तिसरं सँपल तिनं माझ्या हातात दिलं. "मामी आणखी काही बोलली होती का?"

"आणखी एक तक्रार आहे म्हणाली होती. मोठी. तुलाच सांगणार होती."

"मग तू वापर. तिच्यासारखं. सापडली तर सांग. साचा कारखान्यात जायला अजून थोडा वेळ आहे."

तेव्हापासून दुपारी जेवण झालं की मी पलंगावर बायकोच्या बाजूला, उजव्या कुशीवर आडवा होतो. मला टायपिंग येत नाही. एकेक अक्षर शोधत लिहितो. "कृपया दार उघडावे" लिहायला मला बराच वेळ लागतो, आणि त्यातही चुका होतात. पहारेकरी विचारतो, "काय म्हणालात?" मी पुन्हा लिहितो. कोपरा टोचत नाही. आठ बोटं खाचेत नीट बसतात. जोडाक्षराचं बटण हाताशी आहे. मी पडद्याचा उजेड बघितला, बटणांचा आवाज बघितला, खिडकी उघडी ठेवून आणि बंद करूनही बघितलं.

परवा भाचीचा फोन आला. साचा पुढच्या आठवड्यात जातोय.

ती मोठी तक्रार मला अजून सापडलेली नाही.