चिंगीच्या टाचेचा निर्णय

आम्ही दोघी मिळून एक खेळाडू आहोत. व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरची डावी बाजू माझ्याकडे, उजवी नणंदेकडे. चिंगी झाल्यापासून माझा एक हात कायम तिच्या मानेखाली असतो, म्हणून ही वाटणी. मी चालवते, नणंद तलवार मारते आणि मधे दुधाने गुंगलेली चिंगी. नणंद चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. जेवायच्या सुट्टीत धावत येते, डबा इथेच उघडते आणि डाव्या हाताने जेवते.

दुसऱ्या भागाच्या शेवटी चेटकीण आमच्यासमोर गुडघ्यांवर आली होती. पोपट नावाच्या नणंदेच्या लाडक्या घोड्याचा या बयेने दगड केला होता. पडद्यावर दोनच पर्याय होते: मारा किंवा सोडा. नणंदेने बाह्या सरसावल्या आणि तेवढ्यात चिंगीने झोपेत पाय झाडला. टाच बरोबर बटणावर. चेटकीण उठली, झगा झटकला आणि चालू लागली. खेळाने ते तिथल्या तिथे सेव्हही करून टाकलं. आत्याबाई कितीतरी दिवस भाचीशी कट्टी घेऊन होत्या.

आज तिसरा भाग हातात आला. सुरुवातीलाच त्याने विचारलं: जुनं जग सोबत आणायचं, की मागे काय घडलं ते नव्याने सांगायचं? एकदा ठरलं की बदल नाही.

"नव्याने सांगू," नणंद म्हणाली. "चेटकीण मारली म्हणायचं. बघायला कोण येतंय?"

"पण आपण मारली नाही."

"आपण सोडलीही नाही, वहिनी. तुमच्या लेकीच्या टाचेने सोडली."

"तेच तर म्हणतेय."

चिंगीचं सगळं आम्हीच ठरवतो. कधी झोपायचं, कुठलं टोपडं घालायचं, कुणाकडे बघून हसायचं. तिने स्वतः केलेली ही एकच गोष्ट, आणि ती मी पुसायची?

"ती झोपेत होती," नणंद म्हणाली. "याला काय ठरवणं म्हणतात?"

"मोठी माणसं तरी कुठे जागेपणी ठरवतात? तुझ्या दादाने लग्नाला होकार दिला तेव्हा तो जांभई देत होता."

तिला ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, "आणि माझा पोपट?" आवाज मात्र खरंच हळवा झाला होता. मग स्वतःच म्हणाली, "आणा जुनं जग. पण त्या चेटकिणीने परत काही केलं ना, तर चिंगीच्या लग्नापर्यंत रुसेन."

मी बटण दाबलं.

पहिलंच गाव. पहिलंच अंगण. विहिरीवर पाणी ओढत उभी होती तीच, चेटकीण.

"थांब," मी म्हटलं.

"मी थांबलेय, अंगठा थांबत नाहीये."

तेवढ्यात घरामागून पोपट आला. हाडामांसाचा आणि ढोलासारखा फुगलेला. चेटकीण म्हणाली, "तुम्ही मला सोडलंत, म्हणून मी त्याच्याकडे परत जाऊ शकले. घातलेला मंत्र माझ्याशिवाय कुणाला उतरवता येत नाही."

नणंदेचा घास हातातच राहिला. "म्हणजे मारली असती तर…"

"तर दगडच राहिला असता."

"बघा तरी, खाऊ घालून घालून काय केलाय त्याचा," नणंद म्हणाली आणि तिने नाक पुसलं. मी उगाच छताकडे बघितलं.

पडद्यावर पुढचा प्रश्न आला: पोपटला घेऊन जा किंवा चेटकिणीकडेच राहू द्या.

नणंदेने कंट्रोलर अलगद चिंगीच्या पायांशी ठेवला.

"उठवा तिला."

"झोपलेल्या बाळाला उठवलंस तर तुझाच दगड करीन."

"मग थांबू."

दुकानातून फोन आला. "येतेच," ती कुजबुजली. "घरात एक महत्त्वाचा निर्णय अडलाय." फोन ठेवून आत्याबाईंनी चिंगीच्या उजव्या पायातला मोजा हळूच काढून घेतला.