मागच्या भिंतीवरचा फळा

मित्रांनो, जरा मागे वळा. पुढे तोंड करून बसलात तर माझी गोष्ट कळणार नाही. मी मागच्या भिंतीवर आहे.

माझ्यावर आज लिहिलं आहे: मुगाची खिचडी.

एवढंच. अक्षर पार्वताबाईंचं. त्या शाळेत पोषण आहार शिजवतात आणि सकाळी आल्या आल्या आजचा पदार्थ माझ्यावर लिहून जातात. बाकी दिवसभर मला कुणी हात लावत नाही. मला त्याचं काही वाटत नाही.

(हे शेवटचं वाक्य पुसा.)

मी सागवानी आहे. मेळघाटातलं लाकूड. अंजनगाव सुर्जीच्या रामराव सुतारांनी रुंद फळ्या जोडून मला घडवलं. सांधा इतका बेमालूम की त्यावरून जाताना खडू आजही अडखळत नाही. बैलगाडीतून मी या शाळेत आलो, तेव्हा मुलं गाडीमागे धावत होती. मला पुढच्या भिंतीवर लावलं. ज्यांनी माझ्यावर हातचा विसरून बेरीज चुकवली, त्यांचीच मुलं पुढे माझ्यावर तीच बेरीज चुकवायला आली. एकदा एका पाहुण्या गुरुजींनी माझ्यावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "काय काळाभोर फळा आहे हो!" फळ्याला याहून मोठी शाबासकी नसते.

तो काळेपणा कसा यायचा, ते नीट ऐका. पुढचं सगळं त्यावरच आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, घरोघरी विळे, कुऱ्हाडी, पंप धुऊन पुजतात. शाळेत त्या दिवशी माझा मान असे. मुलं शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, माक्याचा पाला आणत. कोळसा कुटून कापडातून गाळत. पाला ठेचून त्याचा रस कोळशात कालवत आणि ते काळं लुकण हातांनी माझ्या अंगाला चोळत. कुंचल्यानं नाही. हातांनी. मग मला हळदकुंकू लागे. वर्षभर माझ्यावर अक्षर कसं ठसठशीत उठायचं!

मग तो आला.

मुलं त्याला स्मार्ट बोर्ड म्हणतात. मी काही म्हणत नाही. गुळगुळीत काच, सडपातळ अंग, कपाळाच्या वर एक बारीक डोळा. त्याच्यासाठी माझे खिळे उपटले. पुढची भिंत त्याची, मागची माझी. तेव्हापासून मला मुलांचे चेहरे दिसत नाहीत. पाठी दिसतात, वेण्या दिसतात, आणि त्यांच्या डोक्यांवरून तो दिसतो. सरळ समोर. तोंड फिरवायला मला मान नाही.

आणि तो शिकवतो काय? चिनी!

ती मुलांनीच मागितली. प्राजक्ता मॅडमनी विचारलं होतं, "या बोर्डावर आपण एक नवी भाषा शिकू. कोणती शिकायची?" तेव्हा तिसरीतली खुशी उठली. तिच्या घरी भाजीचा मळा आहे.

"मॅडम, आमच्या फवारणी पंपाच्या खोक्यावर जे अक्षरं हायत ना, थे मले वाचाचे हायत."

प्रत्येकाच्याच घरी असलं चिनी अक्षरांचं एखादं खोकं निघालं. कुणाकडे टॉर्चचं, कुणाकडे खेळण्यातल्या गाडीचं. ठरलं. अकोल्याच्या जुन्या शहरात राहणाऱ्या रागिणीताई चिनी शिकलेल्या होत्या. त्या रोज दुपारी तिथूनच त्याच्या काचेत दिसू लागल्या आणि मुलं एका सुरात ओरडू लागली, "नी हाव!"

पार्वताबाई पळी घेऊन दारात आल्या. "माय व माय! पोट्टे मांजरावानी काहून ओरडून राहिले?"

"मावशी, थो चिनी नमस्कार हाय," खुशी म्हणाली.

"मंग चिनी मांजराचा असन."

मी मनात हसलो. पार्वताबाई माझ्या बाजूच्या आहेत, असं मला वाटलं.

पण त्याची करामत पाहायला हवी होती तुम्ही. खुशी बोटानं काचेवर रेघ ओढायची. रेघ चुकली की तो टुंग करायचा. बरोबर आली की चांदण्या उधळायचा. चांदण्या! माझ्यावर कुणी बरोबर लिहो की चूक, मी गप्प. गप्प राहणं हाच आपला चांगुलपणा, असं मी समजत होतो. हीच खुशी पूर्वी रोज चवड्यांवर उभी राहून माझ्यावर तारीख आणि सुविचार लिहायची. माझ्या डाव्या अंगाला खडू निसटतो, हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती उजवीकडे लिहायची. माझं दुखणं जाणणारी ती एकटीच. आता मी तिची वेणी बघत दिवस काढत होतो, आणि ती त्याच्याकडून चांदण्या घेत होती.

मला त्याचा हेवा

(पुसा.)

एके दिवशी मॅडम म्हणाल्या, "दिवाळीच्या सुट्टीआधी अमरावतीहून शिक्षण खात्याचे साहेब येणार आहेत. तुम्हाला चिनी लिहिता येतं का, ते बघतील. आलं, तर बोर्ड आपल्याकडे राहील. नाही आलं, तर धामणगाव रेल्वेच्या शाळेला जाईल."

मित्रांनो, तुम्ही पाढे घोकता ना? तसा मी त्या दिवसापासून एकच शब्द घोकू लागलो. धामणगाव. धामणगाव. तो गेला की पुढची भिंत रिकामी. माझे खिळे, माझी जागा, मुलांचे चेहरे.

माझ्यावर लिहिलं होतं: गोड भात.

म्हणजे खंडेनवमी. मुलं पाला घेऊन आली. मॅडम पूजेसाठी नारळ आणायला बाहेर गेल्या होत्या. लुकणाचा डबा खुशीच्या हातात होता. मी वाट पाहत होतो. ती चार पावलं माझ्याकडे आली, थांबली, आणि वळली.

"आधी याले लावू," ती त्याच्यापुढे जाऊन म्हणाली.

"काहून?" पियुषनं विचारलं. तो तिच्याच बाकावर बसतो.

"पाह्य ना, दुपारी खिडकीतून ऊन आलं का कसा पांढराफटक पडते. एक अक्षर दिसत नाही. फया काया केला का कसा मस्त दिसते! साहेब येतीन तं हा बी काया पाह्यजे." इकडच्या बोलीत 'ळ'चा 'य' होतो; फया म्हणजे फळा, काया म्हणजे काळा.

"पन थो तं नवा हाय."

"मंग का झालं? नव्याले खंडेनवमी नसते का?"

आणि त्यांनी त्याला लुकण लावलं. मनापासून, कोपरापर्यंत हात काळे करून, हात पोचतील तिथवर.

मला आनंद व्हायला हवा होता. माझा वैरी माझ्या डोळ्यांदेखत बुडत होता, आणि मला बोटसुद्धा हलवावं लागलं नव्हतं. पण मला फक्त ते हात दिसत होते. तो पाला माझा होता. तो कोळसा माझा होता. त्याच्या चांदण्यांनी मला जळवलं नसेल इतकं त्या दिवशी त्या लुकणानं जाळलं. डबा त्याच्यावरच जवळजवळ संपला. तळाशी उरलेलं माझ्या उजव्या बाजूला पुसटसं लागलं. डावी बाजू तशीच कोरडी.

मॅडम परत आल्या आणि त्यांच्या हातातून नारळच सुटला. "अरे देवा! हे काय केलं रे?"

त्यांनी ओल्या फडक्यानं पुसायला घेतलं, तर रस चौकटीच्या फटींत उतरला. त्याला बोट ओळखू येईना. दुरुस्तीवाल्याला फोन केला, तो म्हणाला, दिवाळीनंतर येतो, तोवर पुसूही नका.

खुशी रडत होती. "मॅडम, मी तं त्याची पूजा केली."

मॅडम तिला रागावल्या नाहीत. पार्वताबाईंनी पदरानं खुशीचे हात पुसले आणि म्हणाल्या, "तुह्यासारखी भक्तीण भेटली तं देव बी देऊय सोडून पयन व माय!"

माझ्यावर लिहिलं होतं: मटकीची उसळ.

त्या दिवशी साहेब आले. मॅडमनी त्याला सुरू केलं. खाली सगळा काळोख, वर रागिणीताईंचं कपाळ आणि डोळे तेवढे दिसत होते. खुशीनं काचेवर बोट ओढलं. रेघ नाही, टुंग नाही, चांदणी नाही.

"म्हणजे मुलांना लिहिता येत नाही?" साहेबांनी विचारलं.

"येतं सर, पण बोर्ड..."

"बोर्ड बंद पडला की विद्या बंद, असं समजू का मॅडम?"

खुशीनं मान खाली घातली. मी शेवटचं घोकलं: धामणगाव.

तेवढ्यात काचेतून रागिणीताईंचा आवाज आला. "मॅडम, मागे फळा आहे ना! मुलांच्या पाठीमागे रोज तोच तर दिसतो मला. आज मटकीची उसळ होती ना?"

वर्गात हशा पिकला. मी मात्र थिजलो. त्याच्या कपाळावरचा तो डोळा! मुलांचे हात तिथवर पोचलेच नव्हते. सगळे माझ्याकडे पाठ करून बसले होते, तेव्हा तो एक डोळा रोज माझ्याकडे पाहत होता, आणि अकोल्यात बसून कुणीतरी मला वाचत होतं. तेही त्याच्या डोळ्यानं.

"मागे वळा," मॅडम म्हणाल्या.

मित्रांनो, चेहरे! सगळे चेहरे एकदम.

खुशी खडू घेऊन आली. "झाड लिही," रागिणीताई म्हणाल्या. माझी डावी बाजू मोकळी होती. तिथे लिहिलं असतं तर खडू निसटला असता, साहेबांनी मान हलवली असती आणि पुढची भिंत माझी झाली असती. खुशीनं डाव्या बाजूकडे पाहिलंही नाही.

"मावशी, पुसू का?" तिनं उजवीकडच्या अक्षरांवर तळवा ठेवून विचारलं.

"पुस व माय, उसळ तं पोटात गेली," पार्वताबाई दारातून म्हणाल्या.

एक आडवी रेघ. तिला छेदून उभी. मग डावीकडे एक तिरपी, उजवीकडे एक. "मू," खुशी म्हणाली. "म्हंजे झाड. लाकूड बी." मी झाड होतो, ही गोष्ट रामराव सुतारांनंतर कुणी माझ्याजवळ काढली नव्हती. मी खडू घट्ट धरला. मग पियुष आला, मग बाकीचे. प्रत्येकाला मी माझी चांगली बाजू दिली.

साहेब जवळ आले, सगळी झाडं त्यांनी पाहिली. म्हणाले, "छान. बोर्ड इथेच राहू द्या."

कोणता बोर्ड, ते कळलं ना? तोच. पुढचा. माझ्या अंगावर लिहून त्याची जागा पक्की झाली.

दिवाळीनंतर त्याची सफाई झाली, खिडकीला पडदा लागला. तो पुन्हा चांदण्या उधळतो. आता रागिणीताई दर शनिवारी म्हणतात, "मागे वळा," आणि मुलं माझ्यावर खडूनं लिहितात. शनिवार माझा. बाकीचे दिवस त्याचे. मला हेवा वाटतो. हे पुसायची गरज नाही.

मित्रांनो, जाता जाता एवढंच मागतो. वस्तूची निगा राखा, पण तिची निगा तिलाच विचारून राखा. त्याची काच मऊ कोरड्या फडक्यानं पुसा. पाणी लावू नका, हळदकुंकू वाहायचंच तर समोर पाटावर वाहा. त्याला जपा. तो बिघडला तर खुशी रडते.

पण माक्याचा पाला त्याला लावू नका. पाला माझा आहे.

(हे पुसू नका.)